जेनोव्याचा कैदी

“जवळ ये, जाळीला कान लाव,” बोनाजुंता म्हणाला, तशी घिस्ला पुढे सरकली.

पिसाहून जेनोव्यापर्यंत ती आठ दिवस चालत आली होती. मेलोरियाच्या लढाईत पिसाचे आरमार बुडाले आणि हजारो माणसे जेनोव्याच्या हाती लागली. गलबतांच्या फटी डांबराने बुजवणारा तिचा नवरा बोनाजुंता त्यांतलाच. तेव्हा लग्नाला पाच महिने झाले होते. आता दहावे वर्ष चालू होते. जेनोवावाले कैद्यांना मारत नव्हते, सोडतही नव्हते. नवरे जिवंत, म्हणून पिसातल्या बायकांना दुसरे लग्न करता येईना, आणि शहरातले पाळणे रिकामे.

वान्नी सुताराने घिस्लाला लग्नाचे विचारले होते, हे बोनाजुंताच्या कानावर आले होते. आपण त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवले, असे ती कसेबसे म्हणाली.

“चुकलीस. माणूस चांगला आहे. आता परत गेलीस की सांग, मी तापाने गेलो. इथले आपले लोक साक्ष देतील. बोललोय मी त्यांच्याशी.”

“तुमच्या तोंडाला काही धरबंध?”

“घिस्ले, एकोणतीस वर्षांची आहेस तू. दोघांनी कशाला कैदेत राहायचं?”

ती जाळीतून त्याची वाढलेली नखे कापत राहिली. पहारेकऱ्याने हाकलले तेव्हा दोन बोटे राहिलीच होती. त्याने वचन मागितले. रडू फुटू नये म्हणून तिने नुसती होकारार्थी मान हलवली.

पिसात शेजारणीने विचारले, तुझा कसा आहे?

“बरे आहेत,” घिस्ला म्हणाली.

वान्नीने पुढे दुसरीशी लग्न केले. घिस्ला पुन्हा जेनोव्याला गेली नाही. वचन मोडून कुठल्या तोंडाने जाणार?

पाच वर्षांनी तह झाला आणि उरलेसुरले कैदी परतले. त्यांतला उबाल्दो नावाचा म्हातारा तिचे घर शोधत आला. ती येऊन गेली त्याच हिवाळ्यात बोनाजुंता गेला होता, खरोखरच तापाने. हे त्याने थांबत थांबत सांगितले.

“पण सुखाने गेला, वहिनी. बायको मार्गी लागली म्हणून सगळ्यांना सांगायचा.” उबाल्दोने घरात नजर फिरवली. “मालक कामावर गेलेत वाटतं?”

“हो,” घिस्ला म्हणाली.

तिने हरभऱ्याचे कढण त्याच्यापुढे ठेवले आणि त्याचे खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिली.