चार रिळांवरचा लॅपटॉप

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा शिंपी घरीच होता. दवाखान्यातून आंघोळीपुरता आला होता आणि शर्टाची बटणं लावत होता. पलीकडचं बोलणं त्याने नीट ऐकलं, "बरं" म्हणाला, उरलेली बटणं लावली आणि मग खाली बसला.

मेहुणी घर सांभाळायला आली होती. अक्का धीराची. रडता रडताच तिने माणसं येतील म्हणून खोली आवरायला घेतली. टेबलावर बहिणीचा जुना लॅपटॉप दोऱ्याच्या चार रिकाम्या रिळांवर ठेवलेला होता, खालून वारा लागावा म्हणून. त्याचा पंखा भुणभुणत होता. "ती गेली, आता तू तरी गप्प बस," असं म्हणत अक्काने झाकण लावलं, वायर काढून नीट गुंडाळली. त्याची बॅटरी केव्हाच मेलेली होती. तो वायरवरच जगत होता.

सगळे पांगल्यावर शिंप्याला घर फार शांत वाटलं. आता हे असंच असणार, असं तो धरून चालला. पंखा बंद आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

बायको नद्यांच्या खात्यात होती. पूर कुठवर चढेल याचं गणित ती करायची. तिच्याबरोबर काम करणारी, जिला ती घरी "चष्मेवाली" म्हणायची, ती भेटायला आली. लॅपटॉप बघून तिचा चेहरा उतरला.

"हा बंद कुणी केला? दवाखान्यात जाताना ती गणित लावून गेली होती."

अक्का पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती.

"वीज गेली होती," शिंपी म्हणाला.

चष्मेवालीने मग समजावून सांगितलं. नदीचा तळ किती खडबडीत, याचा एक आकडा गणिताला द्यावा लागतो. गणित सुरू करतानाच बायको तो हाताने घालायची, कुठे लिहून ठेवायची नाही. म्हणायची, जमल्याशिवाय लिहिला की त्याचीच सवय लागते. या वेळी जमलाय, असं ती फोनवर म्हणाली होती. आकडा मात्र सांगितला नव्हता; लॅपटॉप बंद झाला तसा तोही गेला.

"मग आता?"

"एकेक आकडा घालून बघायचा. जुन्या पुराच्या खुणांशी जो जुळेल तो तिचा. पण या म्हाताऱ्या लॅपटॉपच्यानं होणार नाही. आणि ऑफिसच्या मशीनवर नंबर लागायचा नाही."

दुसऱ्या दिवशी शिंपी लॅपटॉपच्या दुकानात गेला. बायको बरी असताना दोघं एकदा इथे आली होती. ती प्रश्नांची सरबत्ती करत होती आणि हा तिची पर्स धरून स्टुलावर बसला होता. दुकानदाराने ओळखलं.

"आज एकटेच? मॅडम कुठंयत?"

"नाहीत."

दुकानदाराने बारीक, चकचकीत लॅपटॉप पुढे केला. "वजन बघा काका, पिसासारखा."

"जाड दाखवा. मेमरी पुढे वाढवता येईल असा. तासन्तास चालला तरी तापून सुस्त पडायला नको. पंखा ओरडला तर ओरडू दे."

"असा आहे एक. पण घरी न्यायला हमाल लागेल."

"मॅडमनाही तोच आवडला होता," शिंपी म्हणाला. दुकानदाराने मेमरी आपल्या हाताने बसवून दिली.

चष्मेवालीने त्यात गणित घातलं. नवा लॅपटॉप रिळांवर ठेवायची गरज नव्हती, तरी शिंप्याने ठेवला. पंखा लागला तसा तो शेजारी शिवायला बसू लागला. अक्का टेबल पुसताना हात आखडता घेई. एकदा म्हणाली, "भाऊजी, धूळ बसतेय. रुमाल टाकू का?"

"राहू दे, अक्का. उघडाच असू दे."

सगळे आकडे घालून झाले. चष्मेवाली आलेख पुढे घेऊन बराच वेळ बसली. "तीन आकडे जुळतात," ती म्हणाली. "तिन्हींत फरक अगदी केसाएवढा. यातला कुठला, हे ती बघताक्षणी सांगायची. मला नाही सांगता येत. वाटलं तर एक निवडते मी."

"मग ते गणित तुमचं होईल ना?"

"हो. माझंच होईल."

त्याने नको म्हणून मान हलवली. लॅपटॉप टेबलावर उघडा आहे. तिन्ही आलेख पडद्यावर आहेत. आकडा निवडायचा राहिला आहे.