तोंडात फेस असेपर्यंत

ब्रशचे केस हिरवे होते आणि फार मऊ — असल्या मऊ वस्तूनं म्हणे दात स्वच्छ होतात! तानुबाईनं ते अंगठ्यावर फिरवून पाहिले. काल संध्याकाळी अक्षरानं, तिच्या दातांच्या डॉक्टर लेकीनं, बेळगावहून येताना आणलेला हा ब्रश. आल्या आल्या तिनं भाजक्या तंबाखूच्या मशेरीचा डबा जप्त केला, गुळाचा खडा दाढेत धरून चहा पिण्यावर भाषण दिलं, काकडी-गाजर चावून खायला सांगितलं... आणि मग बॅटरीच्या उजेडात आईचा ओठ उलटा करून बघितला.

"आतनं पांढरा चट्टा हाय, आई. तंबाखू आजपास्नं बंद. तुकडा काढून तपासाय लागंल." एवढंच, डॉक्टरीणबाईच्या आवाजात.

दोन मिनिटं घास, म्हणाली. दोन मिनिटं! मशेरीला कशी ऐसपैस सकाळ लागते. निपाणीच्या वखारीत दिवसभर तंबाखू चाळायची, घरी आलं की चूल — मशेरी लावायची तेवढीच घटका माझी. तोंड भरलेलं असलं की सासू हाक मारो नाहीतर दारात येऊन मुकादम, हनुवटी वर करून नुसतं 'हूं'. आणि मशेरीनं दात घट्ट होतात, असं आम्ही सगळ्याच जणी म्हणायचो. दाढा हलायला लागल्या तरी म्हणायचो.

लहानपणी अक्षरानं ही घटका बरोबर हेरली होती. लबाड! आईचं तोंड भरलं की समोर उकिडवी बसायची... आई, पाटी फुटली. आई, गणितात नापास झाले. रागवायला तोंड रिकामं कुठं होतं? थुंकून येईपर्यंत राग निवलेला असे. लेकीची सगळी गुपितं तानुबाईनं अशीच ऐकली, मोकळ्या तोंडानं एकही नाही.

आता ब्रशच्या फेसानं जीभ चरचरत होती. अक्षरा येऊन पायरीवर टेकली.

"घासतीस व्हय?"

"हूं."

रस्त्याकडे बघतच ती म्हणाली, "लोकांच्या तोंडात रोज बघते, काय वाटत न्हाय. काल तुझं बघितलं आनि पुढं बघवंना. लई भ्या वाटतंय गं, आई."

खुळी का काय, मला काय होत न्हाय — असं म्हणायला तानुबाईचा जीव तुटला. तलफ तर जिभेखाली तशीच होती. उद्या सकाळी ही तलफ काय करायला लावेल, कोण जाणे. पण आत्ता चूळ भरली की ही पोर पुन्हा डॉक्टरीण होणार... अक्षरा अजून काहीबाही सांगत होती. फेस हनुवटीवरून ओघळला, तरी तानुबाई घासतच राहिली.