ज्याचे त्याचे कुलूप

आमच्या फरशीच्या कारखान्यात माती मळण्याचे यंत्र एका लहान खोलीएवढे आहे. लाल मातीचा घाणा संपून पांढरी माती घ्यायची असली, की चार सफाई कामगार झाकणातून आत उतरतात आणि भिंतींना व पात्यांना चिकटून वाळलेला थर खरवडून काढतात. पाती माणसाच्या छातीपर्यंत येतात. म्हणून नियम असा, की आत जाणाऱ्या प्रत्येकाने आधी मुख्य स्विचच्या दांड्याला स्वतःचे कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. एक जरी कुलूप लटकत असले, तरी दांडा वर जात नाही.

सुरक्षा पर्यवेक्षक या नात्याने हा नियम मी सव्वीस वर्षे शिकवीत आलो. कामगार मला माझ्यामागे ‘नियमावली’ म्हणत. अलीकडे तोंडावरही म्हणू लागले होते.

अडचण एकच होती. यंत्र वरच्या मजल्यावर आणि स्विच तळघरात. कुलूप लावायला एकदा उतरायचे, चढायचे; काढायला पुन्हा उतरायचे, चढायचे. तेव्हा टोळीने आपली सोय करून घेतली. टोळीचे मुकादम, ज्यांना सगळे दादा म्हणत, चौघांची कुलपे घेऊन एकटेच खाली जात आणि चारही किल्ल्या एका कड्यात अडकवून कमरेला लावीत. दादा म्हणजे माझ्या पत्नीचे थोरले बंधू. या कारखान्यात मला आणले त्यांनीच.

दोन वर्षांपूर्वी हा प्रकार प्रथम पाहिला, तेव्हा मी हटकले होते.

“किल्ली माझ्याकडे असली काय आणि यांच्या खिशात असली काय,” दादा म्हणाले, “यांच्यातल्या दोघांना स्वतःच्या घराची किल्ली सापडत नाही, जावईबापू.”

सगळे हसले. मीही हसलो आणि नोंदवहीत ‘तोंडी सूचना दिली’ असे लिहिले. पुढे तेच वाक्य मी आणखी दहा वेळा लिहिले.

त्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीआधी मी तळघरात अग्निशामक नळकांडी तपासत होतो. दादा धापा टाकत उतरले. त्यांनी चारही कुलपे काढून पिशवीत टाकली आणि दांड्याकडे हात नेला. मी खिशातले माझे कुलूप काढून दांड्याच्या भोकात अडकवले.

“का हो, भरवसा नाही?”

“आहे. वर एकदा बघून येतो.”

“चौघं आत गेले, चौघं बाहेर आले. झाकणाशी उभं राहून मोजलेत मी. आता तुम्ही या गुडघ्यांनी वर जाणार, परत खाली येणार. सुट्टी इथेच संपायची.”

“संपू दे.”

मला कसलाही संशय आला नव्हता. वर्षानुवर्षे करत आलो, म्हणून केले, इतकेच.

वर चौघे नळावर हात धूत होते. मी झाकणातून डोकावलो. आत, दोन पात्यांच्या मध्ये, आमचा फिटर पाठमोरा बसून पान्याने बोल्ट आवळत होता. आधी ठोकाठोक करावी लागल्यामुळे त्याने कानांत बोळे घातले होते, ते तसेच होते. पाते ढिले आहे असे चौघांपैकीच एकाने त्याला सांगितले होते. दादांची पाठ वळल्यावर तो आत उतरला, आणि ते दादांना सांगायचे राहून गेले. मी खरवडणीच्या दांड्याने त्याच्या खांद्याला स्पर्श केला.

“दोनच राहिलेत, साहेब,” बोळा काढत तो म्हणाला.

“तुमचं कुलूप कुठे आहे?”

“दादांची आहेत की खाली.”

“दादांनी काढली.”

त्याने आधी एका पात्याकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे. पाना तिथेच टाकून तो बाहेर आला आणि जमिनीवर बसला. पाणी दिले, ते त्याने हातात नुसते धरून ठेवले.

दादा वर आले. काय घडले ते त्यांना सांगावे लागले नाही. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, “लिहू नका. निवृत्तीला तीन महिने राहिलेत माझे.”

“लिहावं लागेल, दादा.”

“आणि तुम्हाला दोन वर्षं माहीत होतं, तेही लिहाल?”

“तेही लिहीन.”



अहवाल चार पानांचा झाला. त्यात मी माझ्या अकरा नोंदी तारखांसह दिल्या. शिवाय जिन्याच्या पायऱ्या दिल्या: बेचाळीस. सव्वीस वर्षांत त्या मी प्रथमच मोजल्या. स्विच वर यंत्राशेजारी आणावा, अशी शिफारस केली. निर्णय आठवड्याने आला. दादांची बदली भांडारात, मला लेखी ताकीद, आणि स्विच वर नेण्यास मंजुरी. मात्र काम चार महिन्यांनी, उत्पादनाचा ताण कमी झाल्यावर.

घरी पत्नी त्या दिवसांत कामापुरतेच बोलत होती. एकदा जेवताना म्हणाली, “लिहिलंत त्याचं मला काही नाही. दादाला दोन वर्षांपूर्वी नीट बसवून सांगायला हवं होतंत. तेव्हा हसलात.” दादांनी फोन उचलणे बंद केले होते.

पुढच्या सफाईला मी तळघरात आधीच जाऊन थांबलो. चौघे कुरकुरत उतरले. प्रत्येकाने आपापले कुलूप लावले. त्यांच्याबरोबर आलेल्या नव्या मुकादमाच्या हातात मात्र एक कुलूप जास्त होते, कोरे करकरीत.

“हे कोणाचं?”

“फिटरचं. पाय मुरगळलाय म्हणे त्याचा. मी लावतो आणि किल्ली वर नेऊन त्याच्याच हातात देतो. म्हणजे नियम मोडत नाही.”

“आज वर नेऊन द्याल. महिन्याभराने ती तुमच्याच खिशात राहील.”

“तुम्हाला काहीच पटत नाही, साहेब,” तो थकून म्हणाला. रागावला नव्हता.

मी ते कुलूप घेतले आणि वर गेलो. मध्ये दोनदा थांबावे लागले. फिटर झाकणाशेजारी पाय लांब करून बसला होता. कुलूप पाहताच त्याची मान खाली गेली.

“पाय खरंच दुखतोय.”

“सुजलाय, दिसतंय मला. मग आज आत जाऊ नका. बोल्ट उद्या आवळू.”

“उद्या यंत्र बंद मिळणार नाही.” तो कठडा धरून उठला. “चला.”

आम्ही दोघे एकेक पायरी उतरलो. खाली चौघे भिंतीला टेकून ताटकळत होते. कोणी थट्टा केली नाही. फिटरने कुलूप लावले, ओढून पाहिले, किल्ली खिशात घातली आणि जिन्याकडे मान वर करून पाहिले.

“आता परत वर?”

“परत वर,” मी म्हणालो, आणि कठडा धरला.