हुंडा नको, फक्त कार्ड

थळच्या कोळीवाड्यात काळूराम नाखव्याच्या घराचा लौकिक मोठा होता. या घरानं थोरल्या साहिलच्या लग्नात एक पैसा हुंडा घेतला नव्हता, धाकट्या विनेशच्याही घेणार नव्हतं. काळूरामची बायको केसरबाई हे कुणी विचारो न विचारो, बाजारात आणि देवळात सांगत फिरायची. खोटं नव्हतं ते. पैसा खरंच घेतला नव्हता. सुनेचं क्रेडिट कार्ड मात्र घेतलं होतं.

त्या रविवारी थोरली सून अमिषा अंगणात दोरीवर बोंबील वाळत घालत होती. इतर दिवशी ती अलिबागच्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते.

"अमिषा, हात धू आता," केसरबाई दारातून म्हणाली. "दिघीची पाव्हनी येतील. विनेशच्या सामानाची यादी त्या पोरीला तूच समजाव. कार्डावर कसा घ्याचा, तुला माहीत हाय."

अमिषाला चांगलंच माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी तिच्या साखरपुड्यातही असंच गोड बोलणं झालं होतं. 'आमाला काय नको, पन पोरगी कमावती हाय, एक एसी नि साहिलला मोबाइल तिच्या कार्डावर घेवा, हप्ते साहिल भरंल.' साहिलनं तीन हप्ते भरले. मग पावसाळ्याची मासेमारी बंदी आली, होडी किनाऱ्याला लागली आणि नवरोबांनी हात वर केले. तिथून उशिराचा दंड सुरू झाला, दंडामागून व्याज, व्याजावर कर आणि वर्षाच्या शेवटी कार्ड जवळ बाळगल्याची फी. बिलावर 'किमान रक्कम' असा एक भला आकडा असतो. तेवढा भरला की बँक गप्प बसते आणि माणूस बुडत राहतो. अमिषा तीन वर्षं तेवढाच भरत होती. आईला दर महिन्याला पाठवायचे पैसे कधीच बंद झाले होते. तक्रार तरी कशाची करणार? या घरात हुंडा घेत नाहीत ना!

तिनं हात धुतले आणि कपाटातून बिलांची पिशवी काढली. आज तोंड उघडलं तर कदाचित माहेरची वाट धरावी लागेल, हे तिला कळत होतं. नाही उघडलं तर आणखी एका मुलीच्या गळ्यात हेच पडणार होतं, आणि तेही तिच्याच हातानं. ती पिशवी घेऊन बाहेर आली.

नवरी मुलगी मनाली आणि तिची आई वेणूबाई चहा घेत होत्या, समोर विनेश बसला होता. मनाली एका प्रयोगशाळेत रक्त तपासते. केसरबाईनं यादी पुढे सरकवली. टीव्ही, वॉशिंग मशीन, फ्रिज. "तुज्याच संसाराला गो. हप्ते विनेश भरंल."

अमिषानं पिशवी मनालीच्या मांडीवर ठेवली. "यादी मागून बघ. आधी हे वाच."

मनालीनं चार कागद चाळले. "वयनी, हे सगला तुमी भरताव?"

"मीच. एसी नि मोबाइल मिलून बहात्तर हजार. सव्वा लाख भरून झालं, एकसष्ट हजार अजून बाकी हाय."

"घरातला घरात ठेव!" केसरबाई कडाडली. "पाव्हन्यांसमोर लाज काढलीस."

"मी न्हाय काढली, आये. ती तीन वरसा एसी म्हनून तुमच्या खोलीच्या भिंतीत बसवलेली हाय."

काळूराम इतका वेळ जाळ्याची गाठ सोडवत होता. त्याचा हात थांबला. "सूनबाय, मला कवा सांगितला न्हाय?"

"तुमी कवा विचारला, बाबा?"

म्हाताऱ्यानं जाळं बाजूला ठेवलं. वेणूबाईनं कप खाली ठेवला. "इहीनबाय, माझ्या आजीला नवऱ्याकडच्यांनी देज म्हनून पैसे दिले होते. पोरीवाल्यांकडं हात पसराची रीत आपल्यात कवा आली?"

मनालीनं यादीची घडी करून विनेशच्या हातात दिली. "माजा कार्ड लग्नात येनार न्हाय. कार्डाशिवाय माझ्या आयेनं चार पोरा वाढवली, मीपन संसार करीन. टीव्ही पायजेल तर आपल्या कमाईतून घ्या, न्हायतर दारात खुर्च्या टाकून दर्या बघू. यादी पायजेल असंल तर आताच सांगा, आमी उठतो."

विनेशनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे. मग यादी फाडून टाकली.

 त्या रविवारनंतर पाचव्या दिवशी काळूरामच्या सांगण्यावरून साहिलनं मान खाली घालून एसी भिंतीतून काढला. एका लॉजवाल्यानं तो नेला, आलेले पैसे कार्डात भरले. उरलेलं साहिल मासळीच्या आपल्या वाट्यातून फेडणार होता, आणि फिटलं की कार्ड कायमचं बंद करायचं हे अमिषानं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं.

एसीच्या जागी भिंतीला मोठं भोक राहिलं. त्यातून समुद्राचा वारा भरभरून आत येऊ लागला, फुकट.

"ता भोक बुजव ना कुनाकडून," केसरबाई म्हणाली. "आल्यागेल्यांना काय सांगाचा?"

"म्हनूनच ठेवलाय, आये," अमिषा म्हणाली. "लग्नाला सगला वाडा येईल. जो विचारंल, त्याला मी सांगीन."