न्यूट्रलवरची थरथर

बायको गेल्यावर सात महिन्यांनी मी तिच्या गाडीचं इंजिन बिघडवलं. मुद्दाम नाही.

ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. मी छापखान्यात प्रुफं तपासायचो, तेव्हा ती याच जुन्या गाडीत शिकाऊंना घेऊन गावभर फिरत असायची. मीही तिच्याकडूनच शिकलो, पण चालवायची वेळ क्वचितच आली. ती असताना स्टिअरिंग मागायची छाती कुणाची होती?

तिच्यामागे कपाटात गाडीचं पुस्तक सापडलं. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. गाडी उभी असताना इंजिनाने किती फेरे घ्यावेत त्याचा आकडा त्यात होता. आमच्या गाडीतला फेऱ्यांचा काटा त्याच्या बराच वर. छापलेल्या आकड्याशी जुळत नाही म्हटल्यावर मला राहवेना. स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून काटा बरोबर जागी आणला.

त्या दिवसापासून गाडी सिग्नलला थांबली की हिवताप भरल्यासारखी थरथरायची. मग एकदा भर चौकात बंद पडली, मागे ट्रक आणि शेजारी मुलगी. ती ओरडली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, रविवारी मी परत येते. तोवर नीट झाली तर ठेवा. नाही तर किल्ली द्या, मी भंगारवाल्याला बोलावते."

मी हो म्हणालो. आई गेलेल्या पोरीशी वाद काय घालायचा?

शनिवारी सकाळी मेहुण्याला बोलावलं. बायकोचा हा धाकटा भाऊ, जन्म गॅरेजात गेलेला. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला लावलं आणि हात मागे बांधून नुसता ऐकत उभा राहिला.

"चहा ठेवू?" मी विचारलं.

"भाऊजी, ऐकू द्या. चहा काय, तुम्ही केलेला. तो कुठं पळतोय."

चार प्लगच्या चार वायरी त्यानं एकेक करून काढून पाहिल्या. प्रत्येक वेळी इंजिन आणखी दबायचं. "चारही भाऊ कामावर आहेत, सुट्टीवर कोणी नाही," तो म्हणाला. मग रेस वाढवली, तर थरथर गायब.

"पळताना ठीक, उभी राहिली की रडते. म्हणजे कुठून तरी जास्तीची हवा आत घेतेय. वेगात तेवढी हवा खपून जाते, थांबल्यावर बाधते."

रबरी पाइप त्यानं चिंधी लावून पकडीनं एकेक दाबले. तिसरा, ब्रेककडे जाणारा जाडा पाइप दाबला आणि इंजिनाची थरथर एकदम थांबली. पाइपाच्या खालच्या अंगाला नखाएवढी चीर होती, बोट फिरवल्याशिवाय कळू नये अशी.

"आता खरं सांगा. स्क्रूला हात कोणी लावला?"

मी पुस्तकाचं सांगितलं. तो मडगार्डला टेकून हसत सुटला. "अहो, तो ताईनं मुद्दाम वर ठेवलेला. शिकाऊ क्लच धसकन सोडतात आणि गाडी बंद पाडतात. इंजिन जरा जोरात असलं की तगतं. बंद पडली की माणूस घाबरतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही, म्हणायची."

माझं तोंड उतरलं. तिनं हातानं लावलेली गोष्ट मी पुस्तक वाचून मोडली होती.

त्यानं ते पाहिलं असावं. "बरं केलंत," तो म्हणाला. "स्क्रू वर होता म्हणून ही चीर कळलीच नाही. आणखी फाटली असती तर ब्रेक लाकडासारखा कडक झाला असता, दाबता दाबला नसता. ताईचं चुकलं म्हणायला मी चाळीस वर्षं थांबलो, आणि आता ऐकायला ती नाही."

त्यानं चिंधीला हात पुसले. मग तो पाइप आणायला गेला.

नवा पाइप बसवून झाल्यावर त्यानं विचारलं, "स्क्रू ताईसारखा ठेवू की पुस्तकासारखा?"

"पुस्तकासारखा. क्लच सोडायला मला तिनंच शिकवलंय."

रविवारी मुलगी मांडीवर पर्स घेऊन परीक्षा घ्यायला आल्यासारखी शेजारी बसली. चौकात लाल दिवा लागला. मी थांबलो. थरथर नाही, आवाज नाही. मला वाटलं, परत बंद पडली. काट्याकडे न बघताच मी किल्ली फिरवली, आणि स्टार्टर असा किंचाळला की पुढचा सायकलवाला मागे वळून बघायला लागला.

"बाबा, चालूच होती," मुलगी म्हणाली आणि हसायला लागली. तोंडावर पदर धरून हसत राहिली. दिवा हिरवा झाला तरी तिचं थांबेना. आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. मागचा हॉर्न वाजवत होता, मी गाडी काढली.

घरी आल्यावर तिनं किल्ली मागितली नाही. जाताना दारात चप्पल घालत म्हणाली, "बुधवारी चारला ऑफिसवर घ्यायला या. आणि सिग्नलला किल्लीपासून हात लांब ठेवा."