टॉय हाऊसची पाटी

पेंटर स्टुलावर चढला आणि पाटीवर पांढऱ्या रंगाचा पहिला हात मारू लागला, तेव्हा रोशनबी आत बटणांचे डबे पुसत बसली होती. नवऱ्याचा, इब्राहिमचा, मौतीनंतरचा चाळिसावा कालच झाला होता. आजपासून दौंडच्या या दुकानात मुलगा इरशाद मोबाइलची कव्हरं विकणार होता.

सासऱ्यांच्या वेळेपासून पाटीवर 'टॉय हाऊस' होतं. रेल्वेच्या बंगल्यातली एक म्हातारी मडम त्यांच्याकडून बटणं, बकलं, फण्या घ्यायची. तिनंच हे नाव सुचवलं म्हणे. दुकानात खेळणं मात्र कधीच नव्हतं. गावात इंग्रजी शाळा निघाल्या, टॉय म्हणजे काय ते घरोघर कळलं आणि पाटीचं हसं झालं. खुटबावचे सोपानराव बाजाराला आले की आधी दारातून विचारायचे, "काय इब्राहिमभाई, भावली आली का न्हाई अजून?"

इब्राहिम हसून घ्यायचा. पण पाटी वाचून एखादं पोर आत आलं आणि हिरमुसलं, की तो मोठंसं बटण दोऱ्यात ओवून त्याला भिंगरी करून द्यायचा. फुकट. वडलांची पाटी खोटी पडू नये म्हणून.

शेवटच्या आजारात त्यानं एकदा विचारलं होतं, "अब्बांनी चुकीचं लिवलं आसंल का गं?"

"मला काय म्हाईत," असं म्हणून तिनं औषधाचा चमचा पुढं केला होता.

"दादी, हे बघ," नात तहमीना मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली. "जुन्या काळी विलायतेत बटणं, बकलं, डब्या, असल्या बारीकसारीक मालाला टॉयच म्हणायचे. नुसत्या पोरांच्या खेळण्यांना म्हणायला लागले ते नंतर. पणजोबांचं बरोबर होतं की."

रोशनबीनं ऐकलं. पुसलेला डबा तिनं पुन्हा पुसला.

दारातल्या इरशादनंही ऐकलं. त्यानं पेंटरला थांबवलं. अर्धी पाटी पांढरी झाली होती.

"अम्मी, ऱ्हाऊ दे का?"

"ज्याला पायजे हुतं त्यो गेला," ती म्हणाली. "मार रंग."

ब्रश पुन्हा चालू झाला. रोशनबीनं डब्यातलं एक मोठं काळं बटण निवडलं, दोऱ्यात ओवलं, गाठ मारली. दोरा दोन्ही हातांच्या बोटांत ताणला, सैल सोडला, पुन्हा ताणला. भिंगरी घुमू लागली.

समोर पोर कुणी नव्हतं. पाटी वाळेपर्यंत ती दोरा ओढत राहिली.