मुखपृष्ठाबद्दल एकतीस पत्रे

आमच्या कॉलेजच्या वार्षिकाचं रूप मी बदललं, त्यावर माजी विद्यार्थ्यांची एकतीस पत्रं आली. एकतीस पदवीधर एकाच वेळी इतके बावळट असू शकतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

साल अठ्ठावन्न. दादरच्या या कॉलेजात मी मराठी शिकवते आणि वार्षिकाची संपादक आहे. तीस वर्षं अंक एकाच पठडीत निघत होता. मुखपृष्ठावर संस्थापकांचा पगडीतला फोटो, आधी इंग्रजी विभाग, मग मागे जाहिरातींच्या शेजारी मराठी. तिकडे फाउंटनला मराठी राज्यासाठी माणसं गोळ्या खाऊन पडली आणि आमची मराठी पान एकशे बारावर साबणाच्या जाहिरातीखाली निमूट बसून होती. मी मराठी पुढे आणली. संस्थापकांचा फोटो आत नेला. मुखपृष्ठावर एका विद्यार्थ्याने लिनोच्या ठशावर कोरलेली चाळीची गॅलरी छापली.

'संस्थापकांना तिसऱ्या पानावर उतरवले!' माटुंग्याच्या एका निवृत्त मामलेदारांनी कळवलं, जणू मी त्यांना बसमधून उतरवलं होतं. गिरगावच्या चंपाबाईंना अंक आवडला, पण कागद पातळ. आधीच्या अंकाची पानं फळीवर डब्यांखाली घालायला बरी पडत. एकाने मराठी पुढे आणल्याबद्दल माझं भरभरून अभिनंदन केलं, इंग्रजीत. एकाला एवढंच विचारायचं होतं, की 'माजी विद्यार्थी वृत्त' या सदरात त्याच्या बढतीची बातमी का नाही. ही सगळी मंडळी आमच्याच बाकांवर बसून शहाणी झाली होती. मला त्यांच्या मास्तरांची कीव आली.

यावर मी नुसती हसून मोकळी झाले असते. पण अकरा जणांनी अंकच परत पाठवला होता. मुखपृष्ठाची कुरकुर त्यांनी दोन ओळींत उरकली होती. खरा रोख दौलतवर होता.

दौलत घोडपदेवचा, ज्युनिअर बी.ए.ला. वडील सीताराम, गिरणीच्या रिंग खात्यात सूतकताईवर. त्याने वार्षिकात वडिलांवर लेख लिहिला. मागांवर पगार जास्त, पण तिथे धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो. अस्पृश्याच्या ओठांचा धागा बाकीच्या विणकरांना चालत नसे, म्हणून सीताराम बावीस वर्षं रिंग खात्यातच राहिला. दोन वर्षांपूर्वी घर बौद्ध झालं, खातं तेच राहिलं. एवढंच, कुठेही आवाज न चढवता, सहा पानांत. इतकं स्वच्छ गद्य बारा वर्षांत माझ्या हाती आलं नव्हतं.

ज्याचं लेखन सर्वांत सरस, तो पुढच्या वर्षीचा विद्यार्थी-संपादक, अशी आमची रीत. मी दौलतला तसं सांगूनही टाकलं होतं. त्याने चाळीत सांगितलं, सीतारामने खात्यात सांगितलं. माजी विद्यार्थी मंडळाची मान्यता तेवढी बाकी होती.

पत्रांत दौलतचं नाव कुणी घेतलं नव्हतं. एवढी ती मंडळी सभ्य. 'भाषेची पातळी', 'अभिरुची', 'अशुद्धे' असे शब्द होते. मंडळाचे अध्यक्ष, सॉलिसिटर शामराव, यांनी तर त्यावर चार पानं खर्ची घातली होती. त्यांचा परत आलेला अंक मी उघडला आणि मला हसू आवरेना. बाइंडरने घाईत सोळा पानांच्या एका फर्म्याच्या घड्या कापल्याच नव्हत्या. ती पानं बंदच राहिली होती, म्हणून 'कृपया सुरीने कापून घ्यावीत' अशी चिठ्ठी मी प्रत्येक अंकात घातली होती. दौलतचा लेख नेमका त्या पानांत होता. शामरावांच्या अंकात ती जशीच्या तशी बंद. बाकीचे दहा अंक पाहिले, तेही बंद. अनुक्रमणिकेतलं आडनाव वाचून या लोकांनी भाषेची पातळी मोजली होती.

शनिवारी दुपारी प्राचार्यांच्या खोलीत मंडळाची बैठक झाली. मी अकराही अंक टेबलावर मांडले.

"शामराव, ज्या लेखातली अशुद्धं तुम्ही काढलीत, तो तुम्ही उघडलेलाच नाही," मी म्हणाले.

प्राचार्य पंख्याकडे बघू लागले. शामराव ओशाळतील अशी माझी खात्री होती. त्यांनी शांतपणे प्राचार्यांची कागद कापायची सुरी घेतली, पानं कापली, चष्मा बदलला आणि आमच्यादेखत लेख शेवटपर्यंत वाचला. तोवर कुणी चहालाही हात लावला नाही.

"वाचला," ते म्हणाले. "मुलगा उत्तम लिहितो. माझं मत तेच आहे."

"का?"

"मृणालिनीबाई, पुढच्या वर्षी आमच्या मुलांच्या कविता हा निवडणार. मी काय म्हणतोय ते तुम्हाला कळतंय."

कळत होतं. राजीनाम्याचं वाक्य ओठांवर आलं. तेवढ्यात प्राचार्यांनी घसा खाकरला.

"दोघांनी थोडं थोडं सोडू या. मराठी विभाग कायमचा पुढे. मुखपृष्ठही नवंच राहील. विद्यार्थी-संपादक तेवढा जगदीश होऊ दे."

जगदीश चंद्रावर कविता करतो. चंद्राची कधी कुणाकडे तक्रार आलेली नाही.

शामरावांनी लगेच मान डोलावली. संस्थापकांच्या पगडीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतंच. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हिशेबी होत गेले. मराठी कायमची पुढे, हे केवढं मोठं काम. मोर्च्यात घसा बसेपर्यंत मी हेच तर मागत होते. दौलत काय, हुशार आहे, लिहीलच कुठेतरी. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी तो वर केला. कोपरापाशी अडखळला, पण केला.

सोमवारी फलकावर जगदीशच्या निवडीची सूचना लागली. मधल्या सुट्टीत दौलत स्टाफरूमच्या दाराशी आला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"बाई, मंडळाच्या साहेबांनी अडवलं ना? वडील म्हणालेच, तिथं बाई एकट्या काय करणार."

त्याने मला पळवाट दिली होती आणि मी ती घेतली.

"हो रे," मी म्हणाले. "मी एकटी काय करणार."

"पण सूचनेखाली लिहिलंय, ठराव एकमतानं मंजूर." तो रागावलेला नव्हता. खरोखर समजून घ्यायला आला होता. "बाई, तुम्ही त्या बैठकीला नव्हतात का?"

मी त्याच्याकडे बघायचा प्रयत्न केला.

"होते," मी म्हणाले.